पायांवरील शिरांचे जाळे व इंजेक्शनद्वारे उपचार

मांडीवर, गुडघ्यामागे किंवा घोट्याजवळ लालसर-जांभळ्या बारीक रेषांचे जाळे अनेकांच्या पायांवर उमटते. कोळ्याच्या जाळ्याशी असलेल्या साम्यामुळे त्यांना ‘स्पायडर व्हेन्स’ हे नाव पडले. या शिरांची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते आणि बहुतेकांना त्यांपासून काही अपाय होत नाही. तरीही आमच्या शल्यचिकित्सा बाह्यरुग्ण विभागात त्यांविषयी वारंवार विचारणा होते. एका इंजेक्शनात जाळे नाहीसे करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती वाचून येणारेही त्यांत असतात. म्हणून या उपचाराची माहिती येथे देत आहोत.

पायांतील रक्ताला हृदयाकडे परतताना वर चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन शिरांतील रक्त वर ढकलतात आणि शिरांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, दाब वाढतो व शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. यांनाच ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. आनुवंशिकता, गर्भारपण, वाढते वय, स्थूलपणा आणि तासन्‌तास उभे राहून करावयाचे काम यांमुळे हा विकार बळावतो. बसवाहक, केशकर्तनकार, यंत्रमाग कामगार यांना पायांचा जडपणा व संध्याकाळची सूज परिचयाची असते. परंतु ‘कामाचा थकवा’ म्हणून ती सोडून दिली जाते.

वरचे बारीक जाळे हे कधीकधी आतील मोठ्या शिरेच्या बिघाडाचे चिन्ह असते. विशेषतः घोट्याच्या आतील बाजूस पंख्याप्रमाणे पसरलेले जाळे आम्ही केवळ सौंदर्याचा प्रश्न मानीत नाही. अशा वेळी रुग्णास उभे करून डॉप्लर सोनोग्राफी केली जाते. मोठ्या शिरेतून रक्त उलटे वाहत असेल तर आधी तिचा उपचार करावा लागतो. तपासणीवाचून वरच्या जाळ्यात इंजेक्शने देत राहणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणे होय. जाळे पुन्हा उमटते आणि खर्च वाया जातो.

या उपचारास ‘स्क्लेरोथेरपी’ म्हणतात. अतिशय बारीक सुईने शिरेत औषध सोडले जाते. त्यामुळे शिरेच्या आतील अस्तराला इजा होते, शीर आकसते आणि कालांतराने शरीरात विरून जाते. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध अमेरिकेत १९४६ पासून मान्यताप्राप्त आहे. पॉलिडोकॅनॉल मुळात स्थानिक भुलीसाठी तयार झाले होते, त्यामुळे ते टोचताना वेदना कमी होतात. उपचारास अर्धा-पाऊण तास लागतो, भरती व्हावे लागत नाही आणि रुग्णाने लगेच चालणे अपेक्षित असते. बारीक शिरा फिकट होण्यास तीन ते सहा आठवडे, मोठ्या शिरांना तीन-चार महिने लागतात. बहुधा एकाहून अधिक वेळा यावे लागते आणि पुढे नव्या शिरा उमटू शकतात, हे आम्ही प्रत्येकास आधीच सांगतो. काहींच्या त्वचेवर तपकिरी डाग राहतो. तो बहुधा काही महिन्यांत पुसट होतो. औषध शिरेबाहेर गेल्यास जखम होऊ शकते. खोल शिरेत गुठळी होणे किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी या गोष्टी क्वचित घडतात. गर्भवती, पायात नुकतीच गुठळी झालेले व अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांना हा उपचार देत नाहीत.

हेच औषध हवेबरोबर घुसळून फेस केल्यास मोठ्या शिरेतही उपयोगी पडते, कारण फेस रक्त बाजूस सारून शिरेच्या भिंतीशी टिकून राहतो. दोन सिरिंजांनी असा फेस करण्याची सोपी रीत इटलीतील टेसारी यांनी २००० साली मांडली. तिचा खरा लाभ घोट्यावरील न भरणाऱ्या व्रणाच्या रुग्णांना होतो. हे रुग्ण अनेकदा हळद, झाडपाला व मलमे यांत वर्षे घालवून येतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘एव्हरा’ चाचणीत ४५० रुग्ण होते. पट्टीबंधनाबरोबरच दोन आठवड्यांच्या आत बिघडलेली शीर बंद केलेल्या गटात व्रण भरण्याचा मध्यक काल ५६ दिवस आढळला. हा उपचार लांबणीवर टाकलेल्या गटात तो ८२ दिवस होता. रोजंदारीवरील माणसाला हे सव्वीस दिवस किती मोलाचे, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून केवळ सौंदर्यासाठी केलेल्या इंजेक्शनांना सवलत न देता धर्मादाय निधी व्रणाच्या रुग्णांसाठी राखावा, असे आमचे मत आहे.

फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागल्यास रुग्णास आडवे करून पाय उंच धरावा व स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून धरावी. वर दोरी आवळून बांधू नये. त्याने रक्तस्राव वाढतो.

उपचारानंतर पायाला दाब देणारे मोजे वापरावे लागतात. मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांच्या धमन्या आधी तपासल्याखेरीज ते देऊ नयेत, कारण रक्तपुरवठाच कमी असेल तर दाब घातक ठरतो. हे मोजे साधारणतः सहा महिन्यांत सैल पडतात व नवे घ्यावे लागतात. गरीब रुग्णाचा उपचार अनेकदा येथेच खंडित होतो. मोज्यांसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी समाजसेवा विभागाशी संपर्क साधावा. मोजे मापानुसार लागत असल्याने वस्तूऐवजी रोख देणगी अधिक सोयीची पडते.