हातच्याचं गेट

डिप्लोमाच्या डिजिटल प्रॅक्टिकलला फुल अ‍ॅडर असला की टेबलावर तीन आयसी येतात: ७४८६, ७४०८ आणि ७४३२, म्हणजे एक्स-ऑर, अँड आणि ऑर. तिन्हींना चौदा पिना, सातला ग्राउंड, चौदाला पाच व्होल्ट. मी मुलांना आधी हाफ अ‍ॅडर लावायला सांगतो. दोन स्विचच्या वायरी ७४८६च्या १ आणि २ नंबरच्या पिनांवर, तिथूनच ७४०८च्या १ आणि २ वर. दोन्ही आयसींच्या ३ नंबरच्या पिनला रेझिस्टर लावून एलईडी.

एक स्विच वर केला की एक्स-ऑरचा एलईडी पेटतो. दोन्ही वर केले की तो विझतो आणि अँडचा पेटतो. एक अधिक एक, शून्य लिहिलं, हातचा एक. बेरीज करणारा वेगळा भाग बोर्डावर कुठेच नसतो. ‘दोहोंपैकी एकच आहे का?’ आणि ‘दोन्ही आहेत का?’ या दोन प्रश्नांची उत्तरं शेजारी ठेवली, की झाली बेरीज.

लिंकन गावात शाळा चालवणारे जॉर्ज बूल १८४७ मध्ये उलट्या दिशेने निघाले होते. त्यांना तर्क बीजगणितात बसवायचा होता. ‘निळं’ आणि पुन्हा ‘निळं’ म्हटलं तरी वस्तू तीच राहते, म्हणून अ × अ = अ. साध्या आकड्यांत हे फक्त ० आणि १ यांनाच जमतं. एवढी एक अट घातली की बाकी सगळं शाळेतलंच गणित: अँड म्हणजे अब, नॉट म्हणजे १ − अ, ऑर म्हणजे अ + ब − अब, आणि एक्स-ऑर म्हणजे अ + ब − २अब. मी हे शेवटचं सूत्र फळ्यावर लिहितो आणि २अब दुसऱ्या बाजूला नेतो. अ + ब = एक्स-ऑर + २ × अँड. मुलांनी नुकताच जोडलेला हाफ अ‍ॅडर तो हाच. हातचा पुढच्या घरात गेल्यावर त्याची किंमत दुप्पट, एवढंच त्यात लिहिलेलं आहे. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

स्विचच्या जोडण्यांना बूल यांचं बीजगणित लागू पडतं, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात मांडलं. तिथून ते कारखान्यात पोचलं.

फुल अ‍ॅडरमध्ये मागच्या घरातून आलेला हातचा ही तिसरी इनपुट. ती वायर सुटली तर टीटीएल आयसी मोकळ्या पिनेला १ धरतो आणि प्रत्येक बेरीज एकाने जास्त दाखवतो. जोडणी अशी: दोन हाफ अ‍ॅडर लागोपाठ, पहिल्याचा एक्स-ऑर आणि मागून आलेला हातचा दुसऱ्यात, आणि दोघांचे हातचे शेवटी ऑर गेटमध्ये.

आता गंमत त्या ऑरची. पहिला हातचा १ आला, म्हणजे अ आणि ब दोन्ही १. मग त्यांचा एक्स-ऑर ०, आणि दुसरा हातचा येऊच शकत नाही. दोन्ही हातचे एकदम कधीच येत नाहीत. बूल यांचं अधिक चिन्ह नेमकं अशाच जागेसाठी होतं: ज्या दोन गटांत समाईक काही नाही, त्यांचीच बेरीज करायची. तर्कशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी अ + अ = अ मानायचा आग्रह धरला, तरी बूल बधले नाहीत.

म्हणून मी ७४३२ काढायला लावतो. ७४८६मधली चारपैकी दोनच गेटं वापरलेली असतात. तिसऱ्यात दोन्ही हातचे घातले की ट्रुथ टेबलच्या आठही ओळी जशाच्या तशा येतात. मग ऑर हवाच कशाला, असं कुणीतरी विचारतंच. दोन दारांचा अलार्म घ्या. एक्स-ऑर लावला आणि दोन्ही दारं एकदम उघडली, तर तो वाजणारच नाही. तिथे अब दोनदा वजा करून चालत नाही, एकदाच वजा करावा लागतो.