युद्धकालीन भित्तिपत्रकाची भाषा : एका प्रश्नाचे वाचन

वस्तू विकणाऱ्या जाहिरातीची भाषा आपल्या परिचयाची आहे. हीच भाषा माणसाला रणांगणावर जाण्यास कशी प्रवृत्त करते, हे येथे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती नव्हती. तिचा कायदा जानेवारी १९१६ मध्ये झाला. तोवर तरुणांचे मन वळवणे हाच मार्ग होता. १९१५ मध्ये संसदीय भरती समितीने सॅव्हिल लम्ली यांचे एक भित्तिपत्रक प्रसिद्ध केले. आरामखुर्चीत बसलेले वडील, मांडीवर पुस्तक उघडून बसलेली मुलगी, पायाशी खेळण्यातले सैनिक मांडणारा मुलगा. मुलगी विचारते, 'बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?' वडिलांची नजर मात्र मुलीकडे नाही; ती चित्राबाहेर, पाहणाऱ्याकडे लागलेली आहे.

या वाक्यात आज्ञार्थ नाही, शत्रूचा उल्लेखही नाही. त्याचे बळ पूर्वगृहीतांत आहे. ती अशी :

१. 'केलंत' हा भूतकाळ आहे. युद्ध चालू असताना ते संपले आहे, असे येथे धरलेले आहे.

२. 'काय' हे प्रश्नार्थक सर्वनाम काहीतरी करणे हे कर्तव्यच होते, असे सुचवते.

३. उत्तर द्यायला वडील जिवंत आहेत.

तिसरे पूर्वगृहीत सर्वांत महत्त्वाचे. ज्या घरी वडील परतलेच नाहीत, तेथील मुलीचा प्रश्न या चित्रात नाही. भरती न होणाऱ्याची लाज दिसते. भरती होणाऱ्याचा मृत्यू दिसत नाही. प्रचार नेहमी खोटेच बोलतो असे नाही. पुष्कळदा तो एक शक्यता वगळतो. उघड विधान नाकारता येते. परंतु प्रश्नाचे उत्तर देऊ लागताच त्यातील गृहीत आपण नकळत मान्य केलेले असते.

भाषांतराचाही विचार करा. इंग्रजीत येथे एकच सर्वनाम चालते. मराठीत 'तू' की 'तुम्ही', हे ठरवावेच लागते. 'तुम्ही'मध्ये आदर आहे आणि तो गमावण्याची भीतीही आहे.

स्वाध्याय

१. वरील प्रश्न 'तू' वापरून लिहा. बाप-लेकीच्या नात्यात व प्रश्नाच्या धारेत कोणता फरक पडतो?

२. आपल्या परिसरातील एखाद्या फलकावरील प्रश्नार्थक वाक्य निवडा. त्यातील पूर्वगृहीते नोंदवा आणि त्याने काय वगळले आहे, ते लिहा.