चिपचा पन्हा आणि सॉकेटची पकड

कापडाच्या धंद्यात पन्हा विचारल्याशिवाय कोणी तागा उचलत नाही. पण हौसेने सर्किट बोर्ड बनवणारी आपली मुले चिप घ्यायला जातात ती फक्त नंबर सांगून. नंबर एकच असला तरी चिप अनेक आकारांत मिळते, हे त्यांच्या लक्षात येते ते बोर्ड तयार होऊन आल्यावर. तोपर्यंत पैसे गेलेले असतात.

या आकाराला पॅकेज म्हणतात. नवशिक्यासाठी डिप हे पॅकेज सर्वांत सोयीचे. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीत ते तयार झाले. दोन्ही बाजूंना पायांची रांग असते आणि दोन पायांतील अंतर २.५४ मि.मी., म्हणजे इंचाचा दहावा भाग. हाताने सोल्डर करायला हे अंतर भरपूर आहे. मात्र येथेही पन्ह्याची गोम आहेच. अठ्ठावीस पायांची एटमेगा ३२८पी ही चिप अरुंद, दोन रांगांत ७.६२ मि.मी. अंतर असलेली. तितक्याच पायांची जुनी २७सी२५६ ही मेमरी चिप १५.२४ मि.मी. रुंद. संगणकावर नकाशा काढताना "अठ्ठावीस पाय" एवढेच पाहून रुंद आकार निवडला, तर अरुंद चिप त्यात काही केल्या बसत नाही.

नंबराच्या शेवटची अक्षरे म्हणूनच वाचावीत. एटमेगा ३२८पी पुढे पीयू असेल तर ती डिप, एयू असेल तर चारही बाजूंना बारीक पाय असलेली चपटी चिप, आणि एमयू असेल तर पायच नसलेली. पाय नसलेल्या चिपचे जोड पोटाखाली असतात. गरम हवेच्या यंत्राशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. एसओआयसी या पॅकेजमध्ये पायांतील अंतर १.२७ मि.मी. असते. चांगला फ्लक्स, बारीक टोकाची इस्त्री आणि थोडा सराव असेल तर ते हाताने जमते. आता पुष्कळ नव्या चिपा डिपमध्ये येतच नाहीत, त्यामुळे एसओआयसीचा हात बसवून घेतलेला बरा.

आता सॉकेट. सॉकेट म्हणजे चिप बसवण्याची बैठक. रिकामे सॉकेट आधी सोल्डर करायचे आणि चिप नंतर दाबून बसवायची. चिपला उष्णता लागत नाही, बिघडली तर बदलता येते. नाहीतर अठ्ठावीस पाय पुन्हा सोडवताना बोर्डावरचे तांबेच उचलले जाते. साध्या सॉकेटमध्ये पत्र्याच्या पात्या असतात, ते स्वस्त. दुसरे गोल, कातलेल्या पिनांचे. महाग, पण पकड घट्ट. पात्यांच्या सॉकेटमध्ये एकदा जाड तार खुपसली की पाती फाकते आणि नंतर चिपचा पातळ पाय सैल राहतो. चिप वारंवार काढघाल करायची असेल तर दांडीने उघडणारे झिफ सॉकेट घ्यावे. ते टेबलावरच्या कामासाठी आहे, मालात घालण्यासाठी नव्हे.

हे सारे आम्हाला इतके तपशिलाने शिकावे लागले ते एका भांडणामुळे. भिवंडीतील आमच्या एका स्नेह्यांच्या शेडमध्ये एका होतकरू मुलाने पीक मोजण्याचा काउंटर बनवून दिला. घरी आठवडाभर तो बिनचूक चालला. मागावर लावला आणि आकडा मध्येच शून्यावर येऊ लागला. मजुरी त्या आकड्यावर ठरलेली. विणकर म्हणे, आमची मेहनत खाल्ली. मालक म्हणे, यंत्र खोटे कसे बोलेल? शेवटी कापड मीटरने मोजले तेव्हा विणकर खरा ठरला. मालकांनी त्याला पूर्ण रक्कम दिली, आणि खरे तर ती रोखून धरायलाच नको होती.

दोष होता स्वस्त सॉकेटचा. धोट्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर बोर्ड हादरत होता. पात्यांची पकड क्षणभर सुटली की चिप बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बोटाने चिप दाबून धरली की काउंटर नीट चाले, त्यावरून हे उमगले. दुरुस्तीत त्या मुलाने सॉकेट काढून चिप सरळ बोर्डावर सोल्डर केली. प्रोग्राम बदलण्यासाठी सहा पिनांचा जोड ठेवला, म्हणजे चिप उपटायची गरजच राहिली नाही. वीजपुरवठ्याच्या पायांना लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आधी विसरला होता, तोही लावला.

तेव्हा टेबलावर शिकताना सॉकेट जरूर वापरावे. हादरणाऱ्या यंत्रावर मात्र चिप सोल्डरच करावी. सॉकेटशिवाय गत्यंतरच नसेल तर गोल पिनांचे घ्यावे आणि चिप वरून बांधून टाकावी.

बोर्ड बनवायला देण्यापूर्वी त्याचा नकाशा कागदावर मूळ मापात छापावा. छापणाऱ्या यंत्राने माप लहानमोठे केले नाही ना, हे पट्टीने तपासावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाताना तो कागद खिशात असू द्यावा. चिप आणि सॉकेट दोन्ही दुकानातच त्यावर ठेवून पाहता येतात, आणि जाणता दुकानदार त्याला हरकत घेत नाही.