अस्तर नेमकं किती घ्यायचं?

हौसेने पहिली गोधडी शिवणाऱ्या एका काकूंनी वरचा थर बरोबर ६० बाय ९० इंचांचा केला आणि अस्तरही तेवढंच कापलं. मधोमध टाके घालून कडेला पोचल्या, तर अस्तर एका बाजूला दीड इंच आखूड!

चूक मापाची नव्हती. धावदोरा कापड ओढून घेतो, शिवताना थर एकमेकांवर सरकतात. म्हणून हाताने शिवायच्या गोधडीला अस्तर चारही बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवतात. जादा कापड शेवटी कापता येतं, कमी पडलेलं मात्र जोडावं लागतं आणि तो जोड डोळ्यांत खुपतो.

आता हिशेब. तीन इंच धरले, तर अस्तर हवं ६६ बाय ९६. सुती कापडाचा पन्हा बहुधा ४४ इंच, म्हणजे एका पन्ह्यात भागत नाही. ९६ इंचांचे दोन तुकडे उभे जोडले, की रुंदी साधारण ८७ भरते. एकूण १९२ इंच, म्हणजे पाच मीटरला थोडं कमी. नवं कापड धुतल्यावर आटतं, तेव्हा सव्वापाच मीटर घ्यावं आणि आधी धुवावं.

जुनी सुती साडी असेल, तर हा खटाटोपच नको. साडेपाच मीटरची सहावारी मधोमध कापली, की १०८ इंचांचे दोन तुकडे मिळतात. शिवाय ती कधीच आटून झालेली असते. फक्त विरलेला भाग आधी उजेडात धरून बघावा.

तुमच्या गोधडीचं माप काय? कमेंटमध्ये लिहा, हिशेब मिळून करू.