मिरवणूक कोणाची?

गेल्या हिवाळ्यात आपला कबड्डीचा संघ करंडक घेऊन परतला, तेव्हा एस. टी. स्टँडपासून महाविद्यालयापर्यंत ढोलताशांच्या गजरात मिरवणूक निघाली. मीही तीत मनसोक्त नाचलो. घरी गेल्यावर वडिलांनी विचारले, "खेळला तू नाहीस, मग नाचलास कशापायी?" आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, पण या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. पुढे ग्रंथालयात कलकत्त्याच्या मोहनबागान क्लबची हकीकत वाचली आणि ते सापडले.

हा फुटबॉल क्लब १८८९ साली स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात त्याची गाठ ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीशी पडली. १९०५ च्या वंगभंगाची जखम तेव्हा ताजी होती. पलटणीच्या पायांत बूट, तर मोहनबागानचे अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी! पहिला गोल पलटणीने केला. मग कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपता संपता अभिलाष घोष यांनी विजयी गोल मारला. शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ होय.

त्या दिवशी मैदानावर एवढी गर्दी लोटली होती की मागच्यांना चेंडूही दिसेना. त्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडविले गेले. म्हणजे हजारोंनी सामना पाहिलाच नाही. त्यांनी पाहिले ते आकाश. सामन्यानंतर खेळाडूंभोवती जी मिरवणूक निघाली, तीत या लोकांना आपला विजय प्रथम जवळून दिसला.

ती प्रथा पुढे टिकली. २००१ पासून २९ जुलै हा 'मोहनबागान दिन' म्हणून साजरा होतो. २०१५ साली संघ बंगळुरूहून आय-लीगचे विजेतेपद घेऊन परतला, तेव्हा त्याच्या स्वागताला हजारो चाहते विमानतळावर लोटले होते.

मित्रहो, मिरवणूक केवळ खेळणाऱ्यांची नसते. ज्यांना मैदानापर्यंत पोहोचता आले नाही, त्यांचाही विजयात वाटा असतो. तो त्यांना रस्त्यावर मिळतो. वडिलांना मी हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण यंदा करंडक आला, तर त्यांनाही एस. टी. स्टँडवर घेऊन यायचे मी ठरविले आहे.