गव्हावर दळलेली ज्वारी

प्रारंभीच सांगून टाकतो की मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. तृतीय वर्ष कला, विषय अर्थशास्त्र. तेव्हा या लेखात कुठे शास्त्रीय परिभाषा अडखळली तर जाणकार प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात एकाच विषयाची चर्चा चालू आहे, आणि ती करता करता मला जे थोडेफार उमगले ते मित्रांना सांगावेसे वाटते.

माझी थोरली बहीण इंदूरला दिली आहे. तिचा मुलगा सात वर्षांचा. तो पाच वर्षांचा असताना त्याला सिलिअॅक नावाचा विकार असल्याचे निदान झाले. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्यांसारखे, आणि वारंवार जुलाब. गहू बंद केल्यावर पोरगे सहा महिन्यांत अंग धरू लागले. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. पण गेल्या पावसाळ्यात नवेच सुरू झाले. रात्री झोपेतून उठून तो रडायचा. नडग्या दुखतात, गुडघे दुखतात. दिवाळीत मी तिकडे गेलो तेव्हा मध्यरात्री माझ्या अंथरुणाशी येऊन म्हणाला, "मामा, पाय चेप ना." अर्धा तास पाय चेपत बसलो. सूज नाही, ताप नाही, पडल्याची खूण नाही. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "वाढीचं दुखणं गं, तीळतेल लाव." एका डॉक्टरांनीही तेच सांगितले, फक्त तेलाऐवजी गोळी दिली. शाळेतून तर तो चालण्याचा कंटाळा करतो, अशी तक्रार आली.

आता हे वाढीचे दुखणे म्हणजे निव्वळ थाप नव्हे. पुष्कळ मुलांचे पाय संध्याकाळी वा रात्री दुखतात. मात्र त्याची एक रीत असते. दोन्ही पाय दुखतात, पोटऱ्या-मांड्यांत दुखते, सांध्यात नव्हे. आणि सकाळी पोर काही झालेच नाही असे उड्या मारीत सुटते. एकच पाय दुखणे, लंगडणे, सांधा सुजणे, सकाळी ताठरणे, ताप किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर ते वाढीचे दुखणे म्हणून सोडून देता येत नाही. संधिवात लहान मुलांनाही होतो, आणि सिलिअॅक असलेल्यांत त्याची शक्यता इतरांहून थोडी अधिक. क्वचित रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूणही हाडांचे दुखणेच असते. आमचा भाचा सकाळीही जिना चढताना कठड्याला धरायचा. ताईने तेवढ्यावरून हट्टाने दुसरे डॉक्टर गाठले, हे बरे झाले.

आतड्याच्या रोगाचा हाडांशी संबंध काय, हा प्रश्न मलाही पडला होता. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. ज्यांच्या अंगी विशिष्ट आनुवंशिक ठेवण असते त्यांतील काहींचे शरीर या ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंजताना स्वतःच्याच आतड्यावर वार करते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते अंकुर झिजून सपाट होतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या आरंभीच्या भागात शोषले जाते, नेमका तोच भाग सर्वाधिक होरपळतो. चरबीही नीट पचत नाही, आणि ड जीवनसत्त्व तर चरबीत विरघळणारे. तेही वाहून जाते.

पुढचा भाग माझ्या विषयाला जवळचा आहे. रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर फार काटेकोर जपते, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. आवक घटली की गळ्यातील परावटू ग्रंथी जागी होते आणि हाडांतील साठा मोडायला काढते. घरखर्च भागविण्यासाठी बँकेतली मुदत ठेव मोडावी तसे. त्यामुळे रक्त तपासले तर कॅल्शियम ठीकच दिसते! घर चाललेले दिसते, ठेव आटत चाललेली दिसत नाही. वाढत्या मुलाच्या हाडाचा साचा तर रोज नवा घातला जातो, पण त्यात भरायला चुनाच नसतो. ते मऊ राहते, दुखते; फार झाले तर मुडदूस होऊन पाय वाकतात. भाच्याचे कॅल्शियम असेच 'नॉर्मल' होते. ड जीवनसत्त्व मात्र तळाला, परावटूचा स्राव वाढलेला, आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडाची वाढती कड पुसट.

सांध्यांचे दुखणे थोडे वेगळे. ते हाडांच्या मऊपणातून येते तसेच शरीराच्या त्या आत्मघातकी झुंजीतूनही येते.

पण कोडे पुरते सुटले नव्हते. गहू बंद होऊन दोन वर्षे झाली, मग आतडे भरून का आले नाही? डॉक्टरांनी रक्तातील प्रतिपिंडे मोजली. १९९७ साली जर्मनीतील संशोधकांनी हा रोग शरीरातील नेमक्या कोणत्या द्रव्यावर उलटतो ते शोधून काढले, तेव्हापासून ही तपासणी सोपी झाली आहे. आधी उतरलेला आकडा पुन्हा चढला होता. म्हणजे कुठून तरी गहू पोटात जात होता. ताई रडलीच. "मी त्याला बिस्किटाचा तुकडासुद्धा दिला नाही रे," म्हणाली.

मग घराची झडती सुरू झाली. पहिला चोर सापडला हिंगाच्या डबीत. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो; त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ घालतात, आणि वरणाला हिंग तर रोजचा. दुसरा सापडला आमच्याच आईने प्रेमाने पाठविलेल्या मेतकुटात, कारण मेतकुटाला मूठभर गहू भाजून घालण्याची रीत आहे. थालीपिठाच्या भाजणीचेही तेच. पण खरा दरोडेखोर होता गिरणीत. ताई ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून गिरणीत पाठवायची. आपल्या आया सांगतात ना, "गव्हावर गहूच दळ हो!" ते पोळी काळी पडू नये म्हणून. उलट काळजी कोणी करीत नाही. माळव्यात गिरणीवर दिवसभर गहूच दळला जातो, आणि भाच्याची ज्वारी रोज त्याच जात्यात, गव्हावर पडत होती. ग्लुटेनविरहित म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. जात्याच्या खाचांत राहिलेले पीठ याच्या किती तरी पट भरत असणार.

या रोगावर आहार हाच उपाय, हे लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ सालीच लिहून ठेवले होते. पण कोणता आहार ते त्यांना ठाऊक नव्हते. डच शिंपल्यांवर एक मूल सुधारल्याचे त्यांनी नोंदविले आहे. गव्हावर बोट ठेवले ते हॉलंडच्या विलेम डिके या बालवैद्याने. त्याचा संशय महायुद्धाच्या आधीचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या काळातील अनुभवाने संशय बळावला. १९५० साली त्याने प्रबंध मांडला. आपल्याकडे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा रोग आढळला, दक्षिणेत हजारात एकाला. आनुवंशिक ठेवण दोहोंकडे जवळपास सारखीच. फरक ताटातल्या गव्हाचा. आपल्याकडेही आता भाकरी मागे पडून पोळी रोजची झाली आहे, हे ध्यानात घ्यावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. हे वाचून कोणी आपल्या घरच्या मुलाचा गहू परस्पर बंद करू नये. गहू सोडला की प्रतिपिंडे उतरतात आणि तपासणी खोटी ठरते. आधी रक्त तपासायचे, मग पोळी सोडायची.

भाऊजींनी आता घरगुती चक्की घेतली आहे. तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही. पोळपाट-लाटणे वेगळे, तवा वेगळा. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मोजून दिले आहे, आणि सकाळी नाचणीचे सत्त्व असते, ते तो नाक मुरडून पितो. संक्रांतीला ताई माहेरी आली तेव्हा तो जिना न धरता चढला. रात्री मात्र एकदा आलाच, "मामा, पाय चेप." मी घाबरून विचारले, कुठे दुखते? तर म्हणाला, दुखत नाही, सवय झाली आहे. प्रतिपिंडांची पुढची तपासणी जूनमध्ये आहे.