रक्तातील एक अक्षर : पाऊणशे वर्षांचा मागोवा

गोदातीरी नाशकास आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकास येणाऱ्या यात्रेकरूंची नावे, त्यांच्या बापजाद्यांच्या नावांसह, आपल्या नामावळ्यांत उतरवून ठेवण्याचा परिपाठ तेथील तीर्थोपाध्यायांनी पिढ्यानपिढ्या चालविला आहे, आणि त्या जीर्ण वह्यांतून आपल्या घराण्याचा धागा शोधणारी मंडळी आजही या क्षेत्री येतात. याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांत पाड्यापाड्यांनी राहणाऱ्या कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल आदी लोकांच्या पूर्वजांची दखल मात्र असल्या दप्तरांनी फारशी घेतलेली नाही. त्यांच्या पिढ्यांची हकीकत राहिली ती त्यांच्या रक्तात. आणि रक्तातील हा मजकूर वाचण्याची विद्या मनुष्यास साध्य झाली ती अवघ्या गेल्या पाऊणशे वर्षांत. या कालखंडाकडे नाशकात बसून मागे वळून पाहताना दोन खाती समोर मांडावी लागतात : एक, मनुष्याने स्वतःविषयी किती वाचले याचे, आणि दुसरे, ज्यांचे रक्त वाचले गेले त्यांच्या पदरी त्या वाचनातून काय पडले याचे.

इसवी सन १९४९ हे या मागोव्याचे आरंभवर्ष धरणे उचित होईल. त्या वर्षी अमेरिकेत लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले की, ज्या व्याधीत तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या सिकलसेल व्याधीचे मूळ हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या घडणीतच आहे. रोगाचे कारण एका रेणूत सापडल्याचे वैद्यकाच्या इतिहासातील हे पहिले ठळक उदाहरण होय. त्याच वर्षी, मुंबईत, डॉ. ल. दे. संघवी आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा समूहांच्या सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. जातिव्यवस्थेने शतकानुशतके विवाहसंबंधांवर घातलेल्या कुंपणांचा परिणाम रक्ताच्या गुणधर्मांवर कितपत झाला, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेच्या कसोटीस लावला. स्वातंत्र्य मिळून दोनच वर्षे झालेल्या देशात, तुटपुंज्या साधनांनिशी हे काम व्हावे, ही गोष्ट महाराष्ट्रास खचितच भूषणावह आहे.

पुढे तीनच वर्षांनी, १९५२ साली, मुंबईचे डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तीन व्यक्तींच्या रक्ताचे वर्णन केले. ते रक्त वरकरणी ‘ओ’ गटाचे भासे, परंतु ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही त्याचा मेळ बसेना, कारण ज्या ‘एच’ नामक मूळ घटकावर ‘ए’ आणि ‘बी’ यांची उभारणी होते तो घटकच त्यात नव्हता. हा ‘बॉम्बे’ रक्तगट जगभरच्या ग्रंथांत याच नावाने रूढ झाला. पुढे चार दशकांनी एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बिघाड हे त्याचे कारण म्हणून निश्चित झाले, तेव्हा रक्तपेढीतील एका अडचणीचा उलगडा थेट जनुकाच्या लिपीत झाला. या गटाच्या माणसास याच गटाचे रक्त चालते. म्हणून दुर्मीळ दात्यांची यादी जवळ बाळगणे ही आज रक्तपेढ्यांची नित्याची तजवीज झाली आहे. संशोधनाचे फळ रुग्णाच्या खाटेपर्यंत विनाविलंब पोचल्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढची हकीकत इतकी सरळ नाही.

त्याच १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींच्या रक्तात सिकलसेलचा आढळ झाल्याचे लेहमन आणि कटबुश यांनी नोंदविले, आणि आफ्रिकेपुरती समजली जाणारी ही व्याधी हिंदुस्थानातही आहे हे प्रथमच सिद्ध झाले. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी यांनी नागपूरकडील नोंद ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केली. यानंतरच्या दशकांत पुण्याचे डॉ. एस. एल. काटे आणि त्यांचे सहकारी सातपुड्यातील व सह्याद्रीतील आदिवासी मुलखात रक्ताचे नमुने गोळा करीत हिंडले. या पाहणीतून असे दिसले की, महाराष्ट्रातील आदिवासींत वाहकांचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकाची एकच सदोष प्रत बाळगणाऱ्यांचे, प्रमाण सरासरी शेकडा १० असले, तरी ते जमातीगणिक शून्यापासून ३५ पर्यंत बदलते, आणि भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात ते विशेष आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याचा संभव चारांत एक असतो, हे गणित ध्यानी घेतले म्हणजे या आकड्यांमागील घरांची कल्पना येते.

या व्याधीचे मर्म व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ च्या सुमारास उकलले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, आणि एवढ्या एका फरकामुळे प्राणवायू कमी पडताच हे रेणू परस्परांस चिकटून दोऱ्यांसारखे ताठरतात, पेशी वाकते, केशवाहिन्यांत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी मात्र दोनतीन आठवड्यांत फुटून जाते. त्यातून पांडुरोग, हाडांतील असह्य कळा, प्लीहेचा नाश आणि वारंवार होणारे संसर्ग उद्भवतात. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जनुकसंचात एकच अक्षर बदलले, आणि त्याने एवढा अनर्थ ओढवावा!

परंतु निसर्गाने हे अक्षर निष्कारण राखून ठेवलेले नाही, हे १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले : एकच सदोष प्रत असलेला वाहक जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी बचावतो. म्हणजे दोन प्रतींनी मारणारे जनुक एका प्रतीने तारते. आणि ज्या मुलखात डासांचा अंमल होता तेथेच ते टिकले. जनुकशास्त्राने जीवसृष्टीच्या ज्ञानात घातलेली ही भर औषधांहूनही मोलाची मानावी लागेल, कारण तिने उत्तम रक्त आणि हीन रक्त असा जो भेद समाजाने निमूटपणे मानला होता त्याचा पायाच काढून घेतला. जनुकाची बरीवाईट किंमत ठरते ती स्थळकाळावरून. आणि ज्यास आज दोष म्हणावे तो कालचा तारणहार असू शकतो.

यानंतरचा इतिहास साधनांच्या झपाट्याचा आहे, आणि आश्चर्य असे की त्याच्या वाटेवर पुनःपुन्हा सिकलसेलच भेटते. १९७८ मध्ये कान आणि डोझी यांनी गर्भाच्या डीएनएवरून तिचे प्रसूतिपूर्व निदान शक्य असल्याचे दाखविले. १९८५ मध्ये पीसीआर ही पद्धत, जिचे नाव पुढे करोनाकाळात घराघरांत पोचले, प्रथम प्रसिद्ध झाली तीही याच जनुकाच्या तपासणीच्या संदर्भात. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत काटे यांचाही सहभाग होता, आणि तिचा निष्कर्ष असा होता की आशियातील हे जनुक आफ्रिकेहून स्वतंत्रपणे उपजले. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या आधारे श्रायनर आणि रोटिमी यांनी मांडले की तसे नसून, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी एकदाच झालेल्या बदलापासून ही सारी संतती पसरली असावी. हे मत टिकले, तर सातपुड्यातील भिल्ल आणि आफ्रिकेतील एखादा शेतकरी यांच्या रक्तातील हे अक्षर एकाच पूर्वजाची ठेव ठरेल. तीर्थोपाध्यायांच्या कोणत्याही नामावळीस इतक्या दूरवरचा दाखला देता आला नसता.

मनुष्याच्या जनुकसंचाचा कच्चा आराखडा जून २००० मध्ये जाहीर झाला, २००३ मध्ये ती योजना पुरी झाली, आणि उरलेल्या गाळलेल्या जागा भरून संपूर्ण संहिता हाती आली ती २०२२ मध्ये. परंतु या वाचनात युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा होता. अंतर्विवाही समूहांचा हा आपला देश त्यात नाममात्र होता. ती उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली केली. एखादे औषध कोणास मानवेल, कोणास अपायकारक होईल, हे आपल्याच लोकांच्या नोंदींवरून ठरविण्याची सोय यातून होऊ शकेल.

कर्करोगाच्या बाबतीत नाशकाचे नाव जगाच्या नकाशावर आले ते अनपेक्षित ठिकाणावरून. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असलेल्या ‘दातार कॅन्सर जेनेटिक्स’ या प्रयोगशाळेच्या, रक्तात फिरणाऱ्या अर्बुदपेशी हुडकून स्तनाचा कर्करोग ओळखू पाहणाऱ्या चाचणीस २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विशेष दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे परवानगी नव्हे, त्वरेने परीक्षण होण्याची सवलत होय, एवढे ध्यानात ठेवूनही, कारखान्यांच्या शेजारी असली विद्या रुजावी ही घटना नोंद घेण्याजोगी आहे.

त्याच २०२१ साली या विद्येची ताकद आणि मर्यादा दोन्ही नाशकाने पाहिल्या. २४ मार्च रोजी केंद्र सरकारने महाराष्ट्रातील करोना विषाणूच्या नमुन्यांत दोन नवे बदल वाढत असल्याचे जाहीर केले. पुढे ज्यास डेल्टा हे नाव पडले त्या घराण्याची ही पूर्वसूचना होती. विषाणूची लिपी वाचून झाली होती. परंतु २१ एप्रिल रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली आणि किमान २२ रुग्ण दगावले. ज्ञान कितीही सूक्ष्म असो, त्याच्या पाठीशी नळ, झडपा, कर्मचारी आणि रस्ते यांची साधी व्यवस्था नसेल तर ते मनुष्यास वाचवू शकत नाही, हा धडा त्या दिवसाने अतिशय निर्दयपणे शिकविला.

सिकलसेलच्या उपचाराचा लेखाजोखाही याच निकषावर घ्यावा लागतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून कळा व रक्त चढविण्याची गरज कमी करते, नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प व ठरीव मात्रेतही ते भारतीय मुलांस गुणकारी ठरते हे २०१२ मध्ये दाखविले, आणि त्यामुळे जेथे वारंवार रक्ततपासणी दुरापास्त आहे अशा मुलखासही ते वापरण्याजोगे झाले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनी क्रिस्पर तंत्राने जनुक संपादित करणाऱ्या पहिल्या उपचारास मान्यता दिली, ती याच व्याधीसाठी. त्यात गर्भातील हिमोग्लोबिनची निर्मिती थांबविणाऱ्या यंत्रणेसच आळा घालण्यात येतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. पॉलिंगपासून येथवरची वाट ७४ वर्षांची. सुरगाण्याच्या पाड्यावरून मात्र आजही रक्ताच्या पिशवीसाठी रुग्णास दूरच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असा त्याचा संकल्प आहे. नाशकाची जबाबदारी यात इतर शहरांहून अधिक आहे, कारण राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय येथेच, आणि जून १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही येथेच. शिवाय त्याच वर्षी धुळ्यातून वेगळा झालेला, भिल्ल-पावऱ्यांच्या मुलखातील नंदुरबार जिल्हा महसुलाच्या दृष्टीने नाशिक विभागातच मोडतो. डॉक्टर घडविणारी कचेरी आणि आदिवासींचा कारभार पाहणारी कचेरी एकाच गावी असण्याचा योग महाराष्ट्रात दुसरीकडे नाही.

या अभियानात एक धोका मात्र उघड आहे. वाहक असल्याचे कार्ड हाती पडले म्हणून एखाद्या मुलीचे लग्न मोडावे, किंवा एखाद्या जमातीच्या माथी रोगट हा शिक्का बसावा, असे झाले तर अ‍ॅलिसन यांचा धडा आपण मुळीच शिकलो नाही असे ठरेल. वाहक हा रोगी नव्हे. दोन वाहकांचा विवाह झाला तरी योग्य वेळी सल्ला आणि गर्भाची तपासणी यांची सोय त्यांना असली पाहिजे, आणि निर्णय त्यांचा असला पाहिजे. म्हणून २०४७ साली हिशेब मागताना किती कोटी चाचण्या झाल्या हा आकडा दुय्यम मानावा. पेठ-सुरगाण्यात जन्मलेल्या सिकलसेलच्या बालकास पहिल्या वर्षातच निदान, लसी, पेनिसिलिन आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाले का, आणि ते नाशिक शहरातील बालकाइतकेच आयुष्य जगले का, एवढेच विचारावे. ज्यांच्या रक्तातून ही विद्या वाढली, त्यांचे देणे फेडण्याचा दुसरा मार्ग तिच्यापाशी नाही.